वगळलेले तारे

"मधी काय हाय ते बघ, गड्या." कुणीही तक्रार घेऊन आलं की सांगलीच्या कॉलेजातले आमचे भौतिकशास्त्राचे सर हेच म्हणत. अर्ज अडला, मार्क कमी पडले, सोयरीक मोडली, तरी उत्तर एकच. असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील.

माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. औंधहून आलेल्या मला सरांनीच एम.एस्सी.ला बसवलं आणि पुढे आपल्या संशोधनात हाताशी घेतलं. ते स्वतः कवठे महांकाळकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले.

त्यांचा विषय म्हणजे स्फोट होऊन फुटणारे तारे. त्यांतल्या एका जातीचे तारे मुळात जवळपास सारखेच तेजस्वी असतात. म्हणून जितका मंद दिसेल तितका दूर, असा हिशेब. पण त्या प्रकाशाच्या वाटेत दीर्घिका असल्या तर त्यांचं वस्तुमान प्रकाश भिंगासारखा गोळा करतं आणि तारा उगाच तेजस्वी दिसतो. वाट मोकळी असेल तर किंचित मंद. बहुतेक तारे थोडे मंद, मोजके फार तेजस्वी. सगळे धरले तरच सरासरी खरी येते.

सरांचा पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठात गेला. तोंडी परीक्षा बाकी होती, पण गावी भावांनी नावापुढे 'डॉक्टर' लावून फ्लेक्ससुद्धा उभारला. आमच्याकडे एवढा धीर कुणाला असतो? सर मान खाली घालून त्याच्याखालून गेले.

परीक्षेची तयारी करताना त्यांना चूक दिसली. सुरुवातीला फार तेजस्वी तारे त्यांनी मापनातली गडबड समजून वगळले होते. उरलेले किंचित मंद, त्यामुळे सगळी अंतरं जरा जास्तच आलेली. कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. गप्प बसले असते तर पदवी हातात होती.

"अडचणीचं वाटलं म्हणून काढलं रं," ते मला म्हणाले. "ते बी तारंच हुतं."

प्रबंध त्यांनी परत घेतला. गावात हसं झालं. स्टाफरूममध्ये काहीजण मुद्दाम 'डॉक्टर' म्हणून चहा विचारू लागले. निवृत्तीनंतरही सर सगळे तारे घेऊन गणित नव्याने मांडत राहिले. मग आजार बळावला. शेवटचा भाग माझ्यावर सोपवून ते गावी गेले, ते परत आले नाहीत.

गणित मी पुरं केलं. दुसऱ्या पद्धतींनी काढलेल्या अंतरांशी ते जुळलं. आलेख घेऊन सरांच्या गावी गेलो तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ मेंढरांना पाणी पाजत होता. त्याला समजेल तसं मी सांगितलं. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला.

"म्हंजे अण्णाचं बरोबर आलं?"

"आलं."

त्याने बादली खाली ठेवली.

"मग हे अण्णाला कळायला पायजे हुतं."