एलिओदोरोच्या खोलीतला दिवा

दोमितिला बेर्रिओ कोणावर विश्वास ठेवते असं म्हटलं, तर अख्खं कारेय बेट हसेल. मासळीच्या व्यापाऱ्याचा तराजू ती आधी स्वतः उचलून बघते. पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला तरी विचारते, "आज काय काम काढलंत?" तिचा धंदा बर्फाचा. घरच्या फ्रीझरमध्ये पिशव्यांतून पाणी गोठवायचं आणि पहाटे निघणाऱ्या होडीवाल्यांना विकायचं. बर्फ नसला की मासळी दुपारपर्यंत नासायला लागते आणि व्यापारी म्हणेल त्या भावाने द्यावी लागते.

तिचा नवरा एलिओदोरो गावचं डिझेलचं इंजिन चालवायचा. संध्याकाळी सुरू करायचा, निजानीज झाली की बंद करायचा. गावाला वीज तेवढीच. तो वारल्यावर त्याच्या हाताखालचा विल्फ्रान ते काम बघू लागला. मग एक कंपनी आली. चर्चमागे सौर पॅनेल लागले, एका खोलीत बॅटऱ्या बसल्या आणि वीज दिवसरात्र मिळू लागली. इंजिन भंगारात द्यायचं ठरलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी मालवाहू पडाव येऊन ते घेऊन जाणार होता. गाव नाचलं. दोमितिला म्हणाली, "फुकटचा सूर्य घेऊन कोणी दारात येत नसतं. यात काहीतरी काळंबेरं आहे."

ऑक्टोबरात आभाळ गच्च भरलं आणि बॅटऱ्या मध्यरात्रीच मान टाकू लागल्या. पिशव्यांत नुसतं गार पाणी. होडीवाले तोंड वाकडं करून पलीकडच्या किनाऱ्यावर बर्फ आणायला जाऊ लागले. दोमितिलाने थेट बॅटऱ्यांची खोली गाठली.

"विल्फ्रान, वीज कोणाला विकतोस?"

"देवाशपथ वहिनी, कोणालाच नाही."

"देवाला मध्ये आणू नकोस, तो मीटर बघायला येत नाही. टोकाच्या हॉटेलाला देतोस ना?"

"त्यांचं स्वतःचं इंजिन आहे. हवं तर वायर धरून चाला, चोर सापडला की मला सांगा."

ती खरंच निघाली. भरदुपारची वेळ, माणसं बाहेर झाडाखाली डोमिनो खेळत बसलेली. आणि रिकाम्या घरांत पंखे गरगरत होते, दिवे जळत होते, टीव्ही भिंतीला गोष्टी सांगत होते.

"हे कोणासाठी चालू ठेवलंय गं?" तिने शेजारणीला दरडावलं.

"वीज आली की कळावं म्हणून."

"अगं बये, ती आता जातेय कुठे!"

पण शेजारणीचं तरी काय चुकलं? इंजिनाच्या काळात या बेटावर कोणी कधी बटण बंद केलंच नव्हतं. ते काम एलिओदोरोचं. तो एकदाच काय तो खटका ओढायचा आणि सगळं गाव झोपायचं. दोमितिला घराघरात शिरून बटणं बंद करत, तोंडाचा पट्टा चालवत फिरली. मागून विल्फ्रान आला.

"वहिनी, एक घर राहिलं."

"कोणाचं?"

"तुमचं."

तिचा चेहरा उतरला. एलिओदोरोच्या खोलीत त्याच्या झोपाळ्याच्या वर टांगलेला दिवा जळत होता. इंजिन सुरू झालं की तो लागायचा, आणि तिला कळायचं, नवरा कामावर पोहोचला. तो गेल्यापासून तिने त्या बटणाला हात लावला नव्हता. आता लावला. खूप रडली.

सगळ्यांनी बटणं बंद केली, तसे दिवे-पंखे सकाळपर्यंत टिकू लागले. बर्फ मात्र गोठेना.

ठरलेल्या शनिवारी पडाव आला तेव्हा दोमितिला इंजिनावर बसलेली होती.

"मावशी, उतरा," कंपनीचा इंजिनियर म्हणाला. "थोडा विश्वास ठेवा."

"तुमच्या हिशेबात माझा बर्फ होता का?"

इंजिनियर घुटमळला. "दिवे, पंखे, टीव्ही धरले होते. बर्फासाठी याच्या कितीतरी पट बॅटऱ्या लागतील. तेवढा पैसा मंजूर नाही."

"मग ऊन असेल तेव्हा तुमचा सूर्य, आभाळ असेल तेव्हा माझा म्हातारा. हे इथून हलणार नाही."

तिने ज्याला चोर ठरवलं होतं तो विल्फ्रान पुढे झाला आणि तिच्या शेजारी इंजिनावर बसला. मग होडीवालेही आले. पडाव रिकामाच परत गेला.

संध्याकाळी इंजिनाची धडधड ऐकू आली. दोमितिला सवयीने त्या खोलीत गेली. दिवा लागला नव्हता. बटण तिनेच बंद केलं होतं ना. तिने ते दाबलं, उजेडात झोपाळ्याकडे क्षणभर पाहिलं आणि पुन्हा बंद केलं. मग बर्फासाठी पिशव्या भरायला बसली.