नजर वर

सर पहिले गमछा टाकत. पोट्टा मशीनसमोर बसला रे बसला, की सरांच्या खांद्यावरचा गमछा थेट त्याच्या हातांवर. बोटंही झाकली, अक्षरंही झाकली. मग मागून आवाज, "नजर वर! बोटांले सारं माहीत आहे, तू मधात काहून पडतो?"

टायपिंग शिकवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. खाली पाहिलेलं त्यांच्यातल्या कोणालेच चालत नाही. पण आमच्या चौबे कॉलोनीतल्या सरांले ते परीक्षेत कॉपी केल्यासारखं वाटे.

मी डोंगरगडहून आलो होतो, बाबूगिरीची परीक्षा द्याले. स्पीड काही आली नाही. सरांचा आवाज मात्र आठ दिवसांत आला. थोडा नाकातून, शेवटी खोकल्याचा झटका. सर चहाले गेले, की मी गमछा घेऊन उभा. "नजर वर!" पोट्टे हसून हसून चुकत. एक दिवस सर माझ्या मागंच उभे! सर म्हणाले, "खोकला जास्त होऊन राहिला. कमी कर."

परीक्षेत मी पास झालो नाही. मी कॉलोनीतच कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लागलो.

मग सरांचे हात गेले. पहिले गमछा खांद्यावरून पडे, तो उचलता येईना. नसांचा आजार, डॉक्टर म्हणे. हळूहळू आवाजही गेला. राहिले डोळे. पुण्याले राहणाऱ्या त्यांच्या पोरीनं एक पट्टी पाठवली, स्क्रीनखाली लावायची. तिच्यातला कॅमेरा डोळ्यांवर ध्यान ठेवते. स्क्रीनवर अक्षरं. ज्या अक्षरावर नजर टिकली, ते छापलं. मग लिहिलेलं कम्प्युटर एका बाईच्या आवाजात वाचून दाखवते. ते बसवाले मी गेलो.

सरांच्या बायको, आमच्या काकू, दारातच म्हणाल्या, "पोट्ट्या, हे चाललं पाहिजे रे. मी दिवसभर विचारून राहिली, पाणी पाहिजे? पंखा लावू? पोरीले फोन करू? हे डोळे मिटून घेतात. म्हणजे मी चुकली. बरोबर काय, ते कोण सांगन?"

पट्टीनं डोळे ओळखले. स्क्रीनवर ठिपका फिरला, सरांची नजर बरोबर त्याच्यामागं फिरली. पण अक्षरं आली, की नजर वर. भिंतीवर. मी केबल बदलली, पडदे ओढले, स्क्रीन खालीवर केली. दोन दिवस तेच. काकू हळूच म्हणाल्या, "यांले दिसत नसन का रे?"

तिसऱ्या दिवशी माझी ट्यूब पेटली. दिसत होतं. पण अक्षराकडं पाहाचं नाही, ही सवय डोळ्यांत बसली होती. ज्याच्यासाठी जन्मभर पोरांच्या हातांवर गमछा टाकला, तेच करा म्हणत होतो आम्ही.

खुंटीवरचा गमछा मी खांद्यावर घेतला. सरांच्या मागं उभा राहिलो. आवाज नाकातून, खोकला कमी.

"नजर खाली! अक्षर पाहा! डोळ्यांले सारं माहीत आहे, तू मधात काहून पडतो?"

काकूंनी तोंडाले पदर लावला. सरांले मी तू म्हणालो होतो!

सरांच्या छातीतून हवा सुटल्यासारखं काही झालं. ते हसणं होतं. मग नजर खाली आली. एकेक अक्षर. पाच मिनिटांनी कम्प्युटरमधली ती बाई बोलली, "पाठ सरळ ठेव."

मी पाठ सरळ केली.

काकूंचं नाव मले त्यानंतर कळलं. सर त्यांले कायम "ऐकून राहिली का" म्हणून हाक मारत. डोळ्यांनी एवढं लिहाचं म्हणजे तोवर पोळी थंडी. एक दिवस मी तिथंच होतो. काकू स्वयंपाकघरात. कम्प्युटर म्हणाला, "कमल."

तीन अक्षरं. काकू पिठाच्या हातानं बाहेर आल्या आणि लाजून मलेच विचारलं, "हे काय नवीन?" मग सरांकडं वळल्या, "काय पाहिजे?"

सरांनी पुन्हा तीन अक्षरं पाहिली. "कमल."

पाहिजे काहीच नव्हतं.

हिवाळ्यात सर गेले.

पट्टी काढाले काकूंनी मले बोलावलं. दुसऱ्या कोणा बिमार माणसाच्या कामी येऊ दे म्हणाल्या. मी वायर गुंडाळून राहिलो होतो. काकू म्हणाल्या, "तू यांचा आवाज काढतो ना? एकदा माझं नाव घे."

मी नाकात आवाज आणला. तोंड उघडलं. आलंच नाही. माझ्याजवळ सरांचा सगळा माल होता, चिडणं, खोकणं, चहा मागणं. पण हे नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलंच नव्हतं. नक्कल कशाची करू?

"काकू, हे मले येत नाही."

"मी तरी यांच्या तोंडून कुठं ऐकलं रे," त्या म्हणाल्या. "म्हणून तुले म्हटलं."

मग त्या सरांच्या खुर्चीत बसल्या. "वायर लाव परत."

मी लावली. ठिपका त्यांच्या डोळ्यांसाठी नव्यानं फिरवला. काकूंनी चष्मा पुसला, पाठ सरळ केली आणि 'क' शोधाले नजर खाली नेली.