टेकोड्यांचा गुलाबी ठसा

काल चिखलीच्या बाजारात टेकोड्यांचा ओला, मातकट वास आला आणि मोताळ्यातलं आमचं स्वयंपाकघर आठवलं. लग्न नवंच होतं. मी पुण्याची, वनस्पतिशास्त्र शिकलेली. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, सकाळीच वारुळावरून टोपलंभर टेकोडे आणले आणि मी घाबरून म्हणाले, "आई, थांबा. ही अळंबी कोणत्या जातीची, ते आधी पाहू द्या."

"काऊन? पाह्यल्याबरोबर ओळखू येते!" मामाजी हसले.

सासूबाईंनी मात्र कढई खाली उतरवली. "पाहू द्या तिले. आता पिठलं खाऊ."

मी एक छत्री कागदावर ठेवून वर वाटी झाकली. अशीच दिसणारी एक विषारी छत्री हिरवट भुकटी सांडते, वारुळावरच्या अळंबीची मात्र गुलाबी असते, हे पुस्तकात वाचलं होतं. संध्याकाळी वाटी उचलली, तर कागदावर नाजूक गुलाबी रेषांचं चक्र उमटलेलं.

"खायचेच आहेत!" मी ओरडले.

"हाव माय, रांगोळीच काढली यानं!" म्हणत सासूबाई कांदा चिरायला बसल्या.

आपण तपासलं म्हणूनच सगळे निर्धास्त जेवले, असं तेव्हा वाटलं होतं. जन्मभर टेकोडे खाल्लेल्या बाईनं नव्या सुनेच्या एका शब्दावर अख्ख्या घराला पिठलं खाऊ घातलं, याचं आता हसूही येतं आणि कौतुकही वाटतं.