सुई काढू नका, पोर धरलीय

डॉक्टरांचं मनगट मी दोन्ही हातांनी धरलं तवा आत्याबाईंच्या गुडघ्यात सुई तशीच हुती... अन् डॉक्टर म्हनत हुते, "बाई, हात सोडा. सुई आत आहे, कळतंय का तुम्हाला?" मला कळत हुतं. पन मी सोडला न्हाई.

आत्याबाई म्हंजी माझ्या सासूबाई. त्यांनी डोळे गच्च मिटल्याले, दोन्ही गुडघे एकमेकांवर दाबून धरल्याले, अन् दातावर दात ठिवून एकच बोलत हुत्या — "त्येला सुई काढू देऊ नको पूजा. मी हलले की इशू खाली जाईल."

इशू माझी पोरगी. दोन वर्सांची. ती तिथं नव्हतीच. ती तिसगावजवळ आमच्या वस्तीवर, जावंपाशी. अन् आमी नगरच्या दवाखान्यात. मधी सगळा करंजीचा घाट.

ह्या पेजवर मी रोज वाचते, लिवते पयल्यांदाच. आठवी शिकल्याली हाय, चुकलं तर समजून घ्या. अन् खरं सांगते, अंगात येनं, चमत्कार, ह्यातलं मी काय मानत नव्हते. माहेरी माझी चुलती घुमायला लागली की मी उठून चहाचं आधन ठिवायचे, कारन वारं उतरल्यावर तिला पयला चहाच लागायचा. एवढाच माझा ह्या गोष्टींशी संबंध.

आत्याबाईंचे गुडघे लई दिवसांपासून सुजत हुते. वस्तीवरची सगळी बारकी पोरं त्यांच्या पायावर न्हाल्याली. पाय लांब सोडून बसायच्या, पोर नडग्यांवर पालथं घालायच्या, तेल चोळायच्या, अन् मंग गुडघ्यांच्या मधी आवळून डोक्यावरून ऊन पानी. पोर कितीबी वळवळलं तरी सुटायचं न्हाई. "हात निसटत्यात, गुडघे निसटत न्हाईत," म्हनायच्या. इशू शेवटची. तिच्यानंतर त्यांचे पाय लांबच हुईनात.

नगरचे डॉक्टर बोलायला चांगले हुते. म्हनले, गुडघ्यात पाणी झालंय, ते काढून टाकू अन् स्टिरॉईडचं इंजेक्शन देऊ, काही महिने आराम पडेल.

आत्याबाईंनी इचारलं, "मंग नातीला पायावर न्हाऊ घालता येईल?"

"नात केवढी आहे?"

"दोन वर्सांची."

"मग ती आता पळत असेल आजी. सापडणार आहे का तुम्हाला?"

आमी समदेच हसलो. आत्याबाई बी हसल्या.

दोन्ही गुडघ्यांना ते चॉकलेटी औषध लावलं — दवाखान्यात गेल्या-गेल्या नाकात बसतो ना, तोच वास. उजव्या गुडघ्यात सुई घातली अन् पानी वढलं. करडीच्या तेलावानी पिवळं. सिरिंज भरली. डॉक्टरांनी सुई आतच ठिवली अन् नुसती सिरिंज काढली, दुसरी औषधाची लावायला.

तेवढ्यात आत्याबाई शहारल्या. "गार लागतंय."

नर्स म्हनली, "पंखा बंद करू का आजी?"

"पंख्याचं न्हाई गं. पान्याचं."

अन् त्यांनी गुडघे आवळले. डॉक्टर म्हनले, पाय सैल सोडा. त्या आनखी आवळत गेल्या... पायाच्या शिरा तटतटून वर आल्या. माझ्याकडं न बघता म्हनल्या, "इशू हाय. शेततळ्यात. मी धरलीय."

आमचं शेततळं डाळिंबाला पानी द्यायला केल्यालं. आतून काळा प्लॅस्टिकचा कागद, उतरता, शेवाळानं बुळबुळीत. मागं एक कुत्रं पडलं ते सकाळपर्यंत पंजे मारत हुतं, पन वर आलं न्हाई. तारेचं कंपाऊंड हाय, दार हाय. दार लावल्यालं असतं... कोन लावायला इसरलं तर?

मी शीतलला फोन लावला. शीतल माझी धाकटी जाऊ. वाजतोय, वाजतोय, उचलीना. परत लावला. स्पीकरवर टाकून आत्याबाईंच्या उशापाशी ठिवला.

डॉक्टर म्हनले, "अशी सुई ठेवता येत नाही. ह्या पाय आवळतायत, आतून लागेल. मी काढतोय." अन् त्यांचा हात सुईकडं गेला.

आत्याबाई म्हनल्या, "पूजा."

नुसतं नाव. लग्न झाल्यापासून त्यांनी मला असं कधी हाकारलं न्हाई. मी मनगट धरलं. नर्स माझा खांदा वढती, डॉक्टर रागं भरत्यात, सुईच्या बुडातून रगत वर यायला लागलं... अन् फोन वाजतोयच. आत्याबाईंच्या कपाळावरून घाम गळतोय अन् अंगावर मात्र काटा, थंडी वाजल्यावानी. मी मनात एवढंच म्हनत हुते की शीतल उचल, बाई उचल.

मंग आत्याबाईंनी मोठा श्वास सोडला. म्हनल्या, "घेतली तिनं." अन् गुडघे आपोआप सैल पडले.

मी हात सोडला. डॉक्टरांनी सुई काढून कापूस दाबला. फोन कट झाला हुता. थोड्या येळानं शीतलचाच आला, तिला बोलताच येईना... "ताई, इशू शेततळ्यात... काढली ताई मी, जित्ती हाय, रडती हाय, ऐका..." अन् मला इशूचं रडनं ऐकू आलं. मी तिथंच फरशीवर बसले.

घरी आल्यावर शीतलनं सांगितलं. ती पान्याची मोटार चालू करायला गेल्ती, कंपाऊंडचं दार उघडं ऱ्हायलं. आली तर इशू उतारावर, काखंपातूर पान्यात. धरायला तिथं कायबी न्हाई. शीतलनं पाय टाकला तर ती सोता घसरली, मोटारीचा पाईप सापडला म्हनून वाचली. "पन ही घसरत नव्हती ताई. मांडीत बसल्यावानी बसली हुती. मी उचलली तवा पयल्यांदा रडली."

इशूचे कपडे बदलले तर फ्रॉकवर दोन्ही बाजूंनी, काखंच्या खाली, एक-एक गोल चॉकलेटी डाग. मी फ्रॉक नाकाला लावला.

आमचे हे म्हनले, पाईपाचा गंज आसंल. मी म्हनले, गंजाला दवाखान्याचा वास येतो व्हय? त्यांनी वास घेतला, फ्रॉक खाटंवर ठिवला अन् बाहेर गेले. तो फ्रॉक मी अजून धुतला न्हाई.

आत्याबाईंना इचारलं तर म्हनत्या, "मला गार लागलं, एवढंच ध्यानात हाय. पोर हाताला लागली न्हवं? मंग कशाला उकरती?"

पन त्यांचा उजवा पाय गेला. आतून लागलं, औषध गेलंच न्हाई, गुडघा आता वाकत बी न्हाई अन् सरळ बी हुत न्हाई. बसून सरकत्यात. परत दाखवायला नेलं तर डॉक्टर शांतपनं म्हनले, "त्या दिवशी तुम्ही हात सोडला असता तर हे झालं नसतं." आमचे हे बी तेच म्हनत्यात. शीतल तशी बी येतच हुती, तिला पोर सापडलीच असती, आईचा पाय तू घालवला. एकदा जेवताना असं बोलले तर आत्याबाई म्हनल्या, "पाय माझा हाय. तू गप जेव."

आता डाव्या गुडघ्याला सूज आलीय. परत नगरला जायचं हाय. मी इशूला बरुबर घेऊन जानार, कडंवरनं उतरवनार न्हाई. आत्याबाई हसत्यात मला.

शीतल आली असती... व्हय, आली असती. पन तवर? मी रोज तोच इचार करते. समोर सासूच्या गुडघ्यात सुई, रगत येतंय, शिकल्याला मानूस सांगतोय सोडा म्हनून, अन् पोर घाटाच्या पल्याड...

तुमी खरं सांगा. तुमी असता तर सोडला असता का हात?