अर्धा कोयता आणि नऊ सीताफळं

अन्याय झाला तो सुंदराकाकूवर. गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी पावणेदहा वाजता, धारूरचा घाट उतरायला लागतो त्याच्या अलीकडच्या पडक्या चौकीपाशी. तिला तिथं सोडून जी गाडी निघून गेली ती आमची व्हॅन होती, आणि ती मी चालवत होते.

हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तुम्ही मला भोळी समजाल. मी भोळी नाही. अंगात येणाऱ्यांच्या मांडवासमोर उभी राहून मी पत्रकं वाटलीत, त्यापायी शिव्याही खाल्ल्यात. कुणी अनुभव सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न असायचा – जेवला होतास का, झोपला होतास का? त्या दिवशी मी दोन्ही केलं होतं.

व्हॅन माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. वडिलांनी जुनी घेतली, त्यांचे गुडघे गेले तशी माझ्याकडे आली. इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे वाकळेची जाड घडी टाकल्याशिवाय बसता येत नाही. आरसा तारेनं बांधलेला. आणि सरकता दरवाजा – तो आतून लागतच नाही. बाहेरून जरा उचलून, खांदा देऊन ढकलायचा. म्हणजे निघताना सगळ्यांना आत घालून दार लावायचं काम माझं. वस्तीवरची बाळंतपणं, लग्नं, बाजार, सगळं या डब्यातून झालेलं आहे.

त्या मंगळवारी टोळी निघाली होती, ऊसतोडीला. ट्रक आमच्या वस्तीपर्यंत चढत नाही, म्हणून माणसं माजलगावला न्यायची होती. चार कोयते आणि सुंदराकाकू. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी – तोडीच्या धंद्यात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा. काकू वडिलांची चुलत भावजय, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. अर्ध्याला टोळीत कुणी घेत नाही. दोन हंगाम ती मुकादमाच्या दारात जाऊन बसली, तेव्हा कुठं तो हो म्हणाला. अट एकच – बाराच्या आत ट्रकपाशी. ट्रक हुकला की हंगाम हुकला.

माझ्या सीटमागच्या खिशात त्या दिवशीही पत्रकांचा गठ्ठा होता. वरची ओळ मीच लिहिलेली – 'आम्ही कोयते नाही, माणसं आहोत.'

घाटाआधी व्हॅनला दहा मिनिटं थंड करावं लागतं. चौकीपाशी थांबलो. माणसं पांगली. मी पाणी ओतलं, झाकण लावलं. टोळीतले वडीलधारे किसनभाऊ पुढं येऊन बसले होते. त्यांनी मान वळवून मागं बघितलं.

"चार कोयते झाले. चल पोरी, उशीर होतोय."

"चारी?"

"चारी हायेत की. मला मोजता येत न्हाई का?"

मी दार उचललं, खांदा दिला, लावलं. चार. बरोबर.

घाटात त्या दिवशी पातळ धुकं होतं, ऊन त्यातून गाळून आल्यासारखं. दोन्ही अंगाला कुसळीचं वाळलेलं गवत, सगळं एका रंगाचं... गाडी उताराला न्यूट्रलसारखी वाहत होती. सीटखालून ऊब, मागं कुणी बोलत नाही, आणि कुणीतरी अगदी बारीक आवाजात जात्यावरचं गुणगुणत होतं. मी आरशात बघितलं. सगळ्यात मागं बोचक्यांवर काकू बसली होती. काचेला डोकं टेकलेलं, हिरवं लुगडं, डोळे बाहेर. मला वाटलं, बरं झालं बाई, अखेर निघाली.

घाट उतरल्यावर मागून हातोहात सीताफळं पुढं आली. किसनभाऊंनी एक मला फोडून दिलं. इतकं गोड फळ मी त्या हंगामात खाल्लं नव्हतं. बिया मी समोरच्या कप्प्यात टाकल्या.

"काकू, कुठं घावले गं?" किसनभाऊंच्या बायकोनं, कमळावहिनीनं विचारलं.

"चौकीच्या मागं. पाखरं खायाच्या आत तोडले," मागून आवाज आला. मी ऐकला. सगळ्यांनी ऐकला.

तेलगावच्या अलीकडं कमळावहिनीचं डोक्याचं फडकं खिडकीतून उडालं. मी गाडी थांबवून, मागं घेऊन, ते बाभळीच्या काट्यावरून काढून आणलं. किसनभाऊ म्हणाले, "फडक्यासाठी गाडी मागं घेती ही. मोटार हाय का बैलगाडी?" सगळे हसले. काकूही हसली. तिचं हसणं ओळखू येतं, दात नसल्यामुळे त्यात फू येते.

माजलगावला पावणेबाराला पोचलो. मी उतरले, दार सरकवलं. आठ माणसं उतरली. मागचं दार उघडलं. बोचकी होती.

काकू नव्हती.

आधी वाटलं, उतरली असेल. ट्रकमागं बघितलं, टपरीपाशी बघितलं. मग कमळावहिनी खाली बसली आणि म्हणाली, "चौकीपशी ती भिंतीमागं गेलती. परत चढताना मी बघितलीच न्हाई."

"मग सीताफळं कुणी दिली?" मी म्हणाले.

किसनभाऊंच्या तळहातावर अजून गर चिकटलेला होता.

मी मुकादमाला म्हणाले, तासभर थांबा. तो यादीवर बोट फिरवत होता. "चार कोयते आले. भरला ट्रक. अर्ध्यासाठी कुणी थांबतं का, ताई?" मी त्याच्याशी भांडले. पत्रकातलं सगळं म्हणून दाखवलं. तो ऐकत होता आणि माणसं चढवत होता.

मग मी व्हॅन परत फिरवली.

घाट चढून वर गेले तेव्हा धुकं विरलं होतं. काकू चौकीच्या भिंतीला टेकून उन्हात बसलेली, मांडीवर पिशवी. मला बघून उठली नाही, रडली नाही. मी विचार करत होते की पाया पडावं का आधी माफी मागावी. तीच बोलली.

"कमळाचं फडकं घावलं, बरं झालं. नवंकोरं होतं."

मी चालू गाडी बंद करायची विसरले.

"काकू, तुला कोण म्हणालं?"

"म्हणायचं काय त्यात. तू काट्यातनं काढलं. किसन बैलगाडी म्हणला."

"तू इथं होतीस ना..."

"हितंच हाय की मी." तिनं पिशवी झटकली. रिकामी. "नऊ तोडले. आठ त्यांचे, एक तुझं. दिले तुमाला. डोळा लागला, उठून बघते तर हितंच."

"मग तू गाडीत आलीस का नाही?"

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, जरा नवलानं.

"मी तर आलते बाई. तुमीच मोजलं न्हाई."

परत माजलगाव गाठलं तेव्हा ट्रक निघून गेला होता. त्या जागी फक्त तेलाचा डाग होता. काकूनं तो बघितला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चल घरी." तो हंगाम ती वस्तीवरच राहिली.

मी खूप डोकं चालवलं. आरशात दिसलं ते बोचकं असेल. गुणगुणणारी दुसरी कुणी बाई असेल. पण किसनभाऊंना तोडीवर फोन करून विचारलं, एकेकाला वेगळं विचारलं – सीताफळ सगळ्यांनी खाल्लंय, पण आपल्या पिशवीतून काढलं असं एकही म्हणत नाही. बिया अजून व्हॅनच्या कप्प्यात आहेत, नऊ-दहा. गाडी खड्ड्यातून गेली की वाजतात. स्पष्टीकरण माझ्याकडं नाही आणि मी ते आता शोधतही नाही. जे मला कळतं तेवढं कळतं – आठ जणांच्या आणि माझ्या नजरेसमोर ती गाडीत बसलेली होती आणि तरी आम्ही तिला मागं ठेवलं. भूत सोपं आहे. हे अवघड आहे.

आता दार लावायच्या आधी मी नावं घेते. पहिलं नाव एकट्या माणसाचं. ते आतून 'हाय' म्हणेपर्यंत दाराला खांदा लावत नाही.

तुमच्या गावातूनही गाड्या निघतील. या वेळी उठा, गाडीपाशी जाऊन उभे राहा, आणि नावानं मोजा. अर्धी म्हणून जिला लिहिलंय, तिचं नाव आधी घ्या. ती आत बसलेली दिसत असली तरी घ्या.