सासूची साक्ष
माझा नवरा पोलिसात शिपाई होता. आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावच्या बाजाराचा बंदोबस्त करून परतताना भरल्या नाल्यात वाहून गेला. कामावर मेलेल्या शिपायाच्या बायकोला पेन्शन असते, म्हणून मी गोंदियाच्या कोर्टात दावा लावला. सरकारचं म्हणणं, तो रजेवर होता. दावा लागला तेव्हा आम्ही मध्यप्रदेशात होतो, तारखा पडता पडता राज्यांच्या हद्दी बदलल्या आणि जागच्या जागी मुंबई राज्यात गेलो. मी आपली त्याच बाकावर.

शेवटच्या तारखेला त्याच्याच पोलीस ठाण्यातल्या हवालदारानं खरं सांगून टाकलं, रजा नव्हती. मी मनात पेढे वाटायला लागले, तोच सरकारी वकील उठले. म्हणाले, ही मयताची बायकोच नव्हे! मी आधी एकदा विधवा झालेली. या नवऱ्याशी माझा पाट लागला होता. आमच्यात विधवेचं दुसरं लग्न असंच, पंचांसमोर बांगड्या भरून होतं. ते पंच केव्हाच वारले होते. माझे वकील चिडले, "इतकी वर्षं हिला त्याची विधवा म्हणून लिहिलंत, आणि आज बाजू बदलता?" पण न्यायाधीशांनी साक्ष घ्यायचं ठरवलं.

सरकारी वकिलांनी बोलावलं कोणाला, तर माझ्या सासूला! ती दर तारखेला माझ्यासोबत येऊन व्हरांड्यात चणे खात बसे. हा पाट तिला पसंत नव्हता. "ही माही सून नाही," असं ती गावभर सांगे, आणि ते वकिलांच्या कानावर गेलं होतं. पेन्शन नसती मिळाली तर मी भाताच्या रोवणीला मजुरीनं गेले असते. पण बायको नव्हे म्हटलं, तर त्या घरात मी इतकी वर्षं कोण होते?

"ही तुमची सून आहे का?" वकिलांनी विचारलं.

सासू खवळली. "मंग कोन हाय? पाटाच्या दिवशी मी रुसून बसली होती, पन होती तिथंच. माह्या डोळ्यादेखत बांगड्या भरल्या इच्या. रोज गिचका भात करते, रोज भांडून राहिली मी इच्यासंगं. सून नसती तं परक्या बाईशी कायले भांडली असती?"

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी तोंडाला रुमाल लावला. निकाल माझ्या बाजूनं लागला.

बाहेर मी तिच्या पाया पडायला वाकले, तर ओरडली, "चाल, गाडी सुटन!"

घरी आल्यावर मी मुद्दाम पाणी जास्त घालून भात गिचका केला. तिनं माझ्या आईबापापासून भांडायला सुरुवात केली, आणि मी पदरात तोंड घालून मनसोक्त हसले.