भरलाय की भरल्यात

आमच्याकडे पाय भरतात. चालून भरतात, भातलावणीत चिखलात उभं राहून भरतात, डोक्यावर भारा घेऊन डोंगर उतरलं की हमखास भरतात. बाई ओसरीवर टेकली आणि म्हणाली, "लई पाय भरल्यात गं," की दुसरीनं उठून तेलाची बाटली आणायची, इतका साधा त्याचा अर्थ.

माझी आई वेल्ह्याच्याही पुढे, डोंगरातल्या एका वाडीत राहते. वाडीतल्या बाळंतिणींना आणि पोरांना तेल लावून न्हाऊ घालण्यात तिचं आयुष्य गेलं. मीही ते तिच्याजवळच शिकले. पुढे त्याच कामाचं प्रमाणपत्र घेतलं आणि नसरापूरजवळच्या एका आयुर्वेद केंद्रात लागले. आई त्याला माखणं म्हणते, केंद्रात अभ्यंग म्हणतात. तेल दोन्हीकडे तिळाचंच. केंद्रात फक्त ते पितळी वाटीत कोमट करतात आणि मागे बासरी लावतात.

प्रमाणपत्राची मला मिजास होती, हे आधीच सांगून टाकते. घरी गेले की आईच्या हाताला नावं ठेवायची. हाडावर हात लांब फिरव, सांध्यावर गोल फिरव, असं तिला शिकवायची. ती हसून म्हणायची, "मग मी काय इतकी वर्सं चौकोनी चोळती व्हय?" तरी माझं ऐकायची. लेक शिकलेली, तिचं खरं असणार, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. मला ते फार आवडायचं.

गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांतली ही गोष्ट. माझी धाकटी बहीण बाळंतपणाला आईकडे आली होती. सिझर झालं, मुलगा झाला, टाके सुकत आले आणि ती वाडीवर परत आली. तेरावा की चौदावा दिवस असेल. सकाळी साडेनऊला मी केंद्रात पहिल्या गिऱ्हाईकाची तयारी करत होते. एका हातात तेलाची वाटी होती, फोन खांद्यानं कानाला दाबून धरला होता. पलीकडून तिचा आवाज तुटत तुटत येत होता. आईच्या घरात रेंज नाही. ओसरीच्या कोपऱ्यात खिळ्याला पिशवी टांगली आहे, तिच्यात मोबाईल ठेवला तर एखादी कांडी येते.

"आक्का, पाय भरलाय गं. रातभर डोळा न्हाई."

"बाळंतिणीचा वात असतो, उतरंल," मी म्हणाले. "आईला म्हणावं तेल कोमट कर आन् पोटरी चांगली रगड. मागून शेक दे."

"आई म्हणती नको..."

"आईला काय कळतंय? मी सांगितलं म्हणून सांग."

फोन ठेवला. जेमतेम एका मिनिटाचं बोलणं. मी ते विसरूनही गेले.

दहा वाजता पुण्याच्या एक बाई टेबलावर झोपल्या. केंद्रात नियम आहे की तेलाला हात लावण्याआधी चार प्रश्न विचारायचे. ताप आहे का, जेवून किती वेळ झाला, कुठं सूज आहे का, आणि सूज असेल तर एकाच बाजूला की दोन्ही. आमच्या वैद्यबाईंनी हे प्रश्न इतक्या वेळा घोटून घेतलेत की झोपेतही तोंडून बाहेर पडतील. मी ते विचारले. बाई म्हणाल्या, "सूज नाही हो. काल दिवसभर गाडी चालवली, दोन्ही पाय भरून आलेत."

मी त्यांच्या पाठीवर तेल घातलं, दोन-चार हात फिरवले आणि थांबले.

दोन्ही. थकतात तेव्हा दोन्हीच थकतात. आमच्या वाडीत म्हणतात ते "पाय भरल्यात". बहीण म्हणाली होती, "भरलाय". एक पाय. म्हणजे तो थकून भरला नव्हता, सुजला होता. रोजचा शब्द म्हणून मी तो अर्धाच ऐकला आणि उरलेला अर्धा माझ्या मनानं घातला. जे चार प्रश्न परक्या बाईला विचारले, ते सख्ख्या बहिणीला विचारले नाहीत.

बाईंची क्षमा मागून मी तशीच बाहेर पळाले. तेलकट बोटांनी मोबाईल उघडेना. पदराला बोटं पुसली, बहिणीला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला, तेच. तिकडे लाईट गेली की टॉवरही जातो. खालच्या गावातल्या किराणावाल्याला लावला, तो उचलेना. सगळं गाव शेतात कापणीला, कोण उचलणार? तोवर वैद्यबाई आल्या. मी सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला.

"डावा की उजवा?"

"माहीत नाही."

"गरम लागतो का?"

"विचारलं नाही मॅडम."

त्या मला बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "रक्ताची गाठ असू शकते," त्या म्हणाल्या. "चोळलं आणि गाठ सुटली, तर ती वर फुप्फुसात जाते. मग हातात वेळ राहत नाही. तुम्ही निघा. तिला चालवू नका, पाय दाबू देऊ नका, थेट पुण्याला न्या. मी तिथं सांगून ठेवते."

नसरापूरच्या चौकातून मी वडापची, सीटवर प्रवासी नेणारी एक जीप ठरवली. ड्रायव्हर ओळखीचा होता, माझं तोंड बघून त्यानं लगेच गाडी काढली. जीप वेल्ह्याच्या रस्त्याला लागली आणि मी मनात हिशेब करत बसले. साडेनऊला फोन. तेल कोमट व्हायला पाच मिनिटं, बाळाला निजवायला दहा. पावणेदहाला आई बसली असेल. पोटरी म्हटलं तर आई ती कशी धरते, हे मला पाठ आहे. दोन्ही अंगठे मागून रुतवून घोट्यापासून गुडघ्यापर्यंत दाबत नेते. त्या हातानं माझे थकलेले पाय कितीतरी वेळा हलके केलेत. त्या दिवशी मला तोच हात डोळ्यांसमोर दिसत होता.

मार्गासनी गेलं. फोन लागत नव्हता. पुढे एका वळणावर धनगरांचा मेंढ्यांचा कळप रस्ताभर पसरलेला. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला, मेंढ्या अजूनच एकमेकींत घुसल्या. मी खाली उतरून हातानं त्यांना ढकलायला लागले. म्हातारा धनगर ओरडला, "बाय, दमानं घे, गाबण हायती त्या!" मी त्याला काय वाट्टेल ते बोलले. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

वाडीत पोचलो तेव्हा सव्वाअकरा होत आले होते. अंगणातच तेलाचा वास आला. आत बाजेवर बहीण पडलेली, डोळे मिटलेले. पायथ्याशी आई बसलेली, कोपरापर्यंत हात तेलानं माखलेले. चादरीखाली हात चाललेच होते.

"हात काढ!" मी किंचाळले. दंडाला धरून आईला मागे ओढलं. तिचा तोल गेला, कोपर भिंतीवर आपटलं. बाळ दचकून रडायला लागलं.

मी चादर वर केली. डावा पाय गुडघ्यापर्यंत टम्म फुगलेला, लालसर आणि चकचकीत. माझा धीरच सुटला.

"चोळलंस कशाला? सुजलेला दिसत न्हाई का तुला?"

"अगं, ऐक तरी..."

"एक शब्द बोलू नकोस."

बहिणीनं डोळे उघडले. "आक्का, आईनं अजून..."

"तू बोलू नको. हलू नको. दम लागतोय का? छातीत दुखतंय का?"

तिनं मान हलवली. नाही. अजून तरी नाही.

ड्रायव्हर आणि शेजारचे आजोबा यांनी तिला गोधडीसकट उचलून मधल्या सीटवर आडवं केलं. मी तिच्याजवळ खाली बसले. आई बाळाला घेऊन पुढे बसायला निघाली, तर मी म्हणाले, "त्याला धड धर, हात बरबटल्यात तुझं." आईनं लुगड्याला हात पुसले आणि बाळाला छातीशी घेतलं.

पुण्यापर्यंतचा तो रस्ता मी बहिणीचा श्वास मोजत काढला. खड्डा आला की माझा जीव जायचा. ती खोकली तर गाठ सुटली असं वाटायचं. आणि मधेमधे मी आईला बोलत होते. इतकी वर्षं काम करून एवढं कळू नये? हाताला गरम लागलं नाही? आई मागे वळून बघत नव्हती. फोनवर मी काय सांगितलं होतं ते माझ्या कानात सारखं वाजत होतं, आणि जितकं वाजत होतं तितकी मी आईवर जास्त ओरडत होते. हे मला तेव्हाही कळत होतं. कळूनही मी थांबले नाही.

हॉस्पिटलात वैद्यबाईंचा फोन आधीच गेला होता. बहिणीचा नवरा वरव्याजवळच्या कंपनीत कामाला आहे, वाटेत रेंज आल्यावर मी त्याला कळवलं होतं, तो मोटारसायकलवरून परस्पर येऊन दारात उभा होता. बहिणीला लगेच सोनोग्राफीला नेलं. थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. गाठ होती, गुडघ्याच्या वरपर्यंत गेलेली. छातीत मात्र काही नव्हतं. इंजेक्शनं सुरू केली होती.

"पाय चोळला होता का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," आई म्हणाली.

"खोटं बोलतेय ती," मी म्हणाले. "मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पाय तेलानं चमकत होता."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सुजेनं कातडी ताणली की चमकते. डाव्या पायाला तेलाचा थेंब नाही. तेल उजव्या पायाला आहे. इतकं आहे की गोधडी भिजलीय. म्हणून तर विचारलं."

आई खाली बघत उभी होती.

मेहुण्याला कुणावर तरी राग काढायचाच होता. "तेल लावायचं खूळ काढलं कुणी पण?" त्यानं आईला विचारलं. "हिचा पाय सुजलेला, तुमाला दवाखाना सुचला न्हाई?"

"कुणी न्हाई काढलं," आई म्हणाली. "आमच्यात लावत्यातच बाळंतिणीला. माझंच चुकलं."

मी गप्प राहिले असते तर तिथंच मिटलं असतं. केंद्रातली नोकरी, लोकांमधला मान, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. क्षणभर मी खरंच गप्प होते, ते लपवत नाही. मग आईनं भिंतीवर आपटलेलं कोपर दुसऱ्या हातानं धरलं आणि मला ते बघवलं नाही.

"मी सांगितलं होतं," मी म्हणाले. "फोनवर. पोटरी रगडायला मी सांगितलं. सूज आहे का, एवढंही विचारलं नाही."

मेहुणा पाठ फिरवून बहिणीकडे आत गेला. बाळ दूध मागत होतं म्हणून नर्सनं त्यालाही आत नेलं. बाकावर आम्ही दोघीच उरलो.

मी कँटीनमधून चहा आणला. आईच्या हातात कप दिला तर तिची बोटं वळेनात. अंगठे सुजले होते. कप कलंडला, थोडा चहा लुगड्यावर सांडला. मी कप घेतला आणि तिच्या तोंडाला लावला. दोन घोट घेऊन ती म्हणाली, "तेल लावताना उजव्या अंगानं सुरू करायचं असतं ना. म्हणून उजवा पाय धरला."

"आणि डाव्याला?"

"पालथा हात लावून बघितला. चुलीम्होरं हात धरावा तसा लागला. मला काय बरं वाटलं न्हाई. पर त्याला म्हणायचं काय, ते मला कुठं ठावं? वर ती रडाय लागली, आक्कानं सांगितलंय रगड, आक्का शिकलीय, तुला काय कळतंय. मी म्हणलं, आधी ह्यो उजवा हुं दे, मग त्यो. अन् ह्योच चोळत बसले. लाईट आली की तुलाच इचारू म्हणलं."

दीड तास. चांगला, न दुखणारा पाय तिनं दीड तास चोळला होता, अंगठे कामातून जाईपर्यंत. मी तिच्यापुढे खाली बसले आणि रडले. सरळ म्हणाले, आई, माझं चुकलं. तिनं तेलकट हात माझ्या डोक्यावर ठेवला. ती समजूत घालेल असं मला वाटलं. तिनं समजूत घातली नाही.

"येळेवर आलीस बाई," ती म्हणाली. "उजव्या पायात आता चोळायला काय राहिलं न्हवतं. आन् कुठवर टाळणार? तू सांगितलं व्हतंस. त्यो डावा पाय म्या आता धरणारच व्हते."